नायजेरियाला लिहिणं सोपं होतं

होळीला माणूस घरी आला नाही की आमच्याकडे समजून घ्यायचं, काहीतरी अडलंय. ऊसतोडीला गेलेला असो नाहीतर सुरतेला, सातपुड्यातला आदिवासी दिवाळी चुकवेल पण होळी चुकवणार नाही, होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला तो ट्रकच्या टपावर बसून का होईना येतोच. २०२३ ला होळी ६ मार्चला होती. पायथ्याच्या एका पाड्यावरची टोळी दोन-चार दिवस आधीच आली, पोरांना नवे कपडे, बायकांना पाटल्या, सगळं झालं आणि एक कुटुंब आलंच नाही. सात माणसं. थोरला आणि त्याची बायको, धाकटा आणि त्याची बायको, थोरल्याची सात वर्षांची मुलगी, धाकट्याचा तीन वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांचा भाचा. नावं देत नाही, केस अजून चालू आहे आणि नाव देण्याचा धडा आम्ही या प्रकरणात चांगलाच शिकलो, ते पुढे येईल.

थोरला पावसाळ्यात आमच्या पपईत कामाला असतो म्हणून त्याची आई आमच्या ओट्यावर आली. मी शहादा तालुक्यातला, तापीकाठचा शेतकऱ्याचा पोरगा, शिक्षक आहे, अधूनमधून मानवी हक्क वगैरे विषयावर बोलायला मला बोलावतात. म्हातारीला त्यातलं काही माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की या घरात लिहिणारा माणूस आहे. ती बसली, पाणी पिली, आणि म्हणाली, "बापू, पोऱ्या नही उना." बस. रडली नाही काही नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात धाकट्याचा फोन आला, दुसऱ्याच कोणाच्या मोबाईलवरून, दीड मिनिट. कारखाना बंद झाला, टोळी सुटली, पण तुमची उचल, म्हणजे सीझनआधी घेतलेले आगाऊ पैसे, फिटली नाही म्हणून टोळी नेणाऱ्या मुकादमाने यांना थांबवलंय, त्याच्या पाहुण्याच्या वीटभट्टीवर कामाला लावलंय, आधार कार्ड आणि फोन त्याच्याकडे आहेत आणि भाचा रात्री मुकादमाच्या घरी झोपतो. मी विचारलं, तिथं का झोपतो? धाकटा म्हणाला, तारण. हा शब्द त्याने इतक्या साधेपणाने वापरला की मला आधी कळलंच नाही. दागिना तारण ठेवतात, सातबारा ठेवतात. रात्री पळून जाऊ नये म्हणून पोरगा ठेवला होता.

जिल्हा दुसरा, आमच्यापासून चारेकशे किलोमीटर.

आता पहिली चूक. आम्ही हिशोब करत बसलो. आम्ही म्हणजे मी, आमचे रिटायर झालेले कॉलेजचे सर आणि तालुक्याला प्रॅक्टिस करणारा एक वकील मित्र. टोळीतून परत आलेल्या एका बाईकडे थोरल्याच्या मुलीची शाळेची वही होती, मागच्या पानांवर रोजच्या खेपांच्या रेघा मारलेल्या, पाच रेघांचा एक गठ्ठा, मध्ये कुठे तेलाचा डाग, कुठे पोरीने काढलेलं फूल. त्या रेघांवरून आणि सापडल्या तेवढ्या वजनाच्या पावत्यांवरून आम्ही दोन कोयत्यांची मिळून ४१० टन तोड काढली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हत्यार नाही, उचल कोयत्यावर देतात. त्या सीझनला तोडणीचा दर टनाला साधारण २७३ रुपये, म्हणजे १,११,९३० रुपयांचं काम झालेलं. उचल प्रत्येक कोयत्याला ८०,०००, दोघांची १,६०,०००. मग बाकी राहिली ४८,०७०. मुकादम म्हणत होता ९३,०००. वरचे पैसे कुठून आले तर २४ दिवसांचे खाडे, एका कोयत्याला दिवसाला ५०० दंड, त्याचे २४,०००, आणि राहिलेले २०,९३० खावटी आणि दवाखान्याचे. खाडे कसले? धाकट्याच्या बायकोला फडात उसाचं पातं डोळ्यात लागलं ते आठ दिवस आणि बाकीचे दिवस ट्रॅक्टरच आला नाही त्याचे. ट्रॅक्टर आला नाही त्याचा दंडही यांनाच.

हे आकडे काढायला आम्हाला बारा दिवस लागले आणि आम्ही खुश होतो, की आता मुकादमासमोर ठेवू, ९३ नाही ४८ आहेत, गावातून वर्गणी काढून भरू आणि माणसं आणू. वकिलाने रविवारी कायदा उघडून नीट वाचला तेव्हा डोक्यावर हात मारला. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे पण अंमल २५ ऑक्टोबर १९७५ पासून, आणीबाणीतल्या वटहुकमामुळे. त्याच्या कलम ६ प्रमाणे असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. ४८ पण नाही आणि ९३ पण नाही, शून्य. उलट पैसे भरले असते तर कर्ज आम्ही मान्य केल्यासारखं झालं असतं. आणि वेठबिगार कशाला म्हणायचं तर साखळीने बांधलेला माणूस लागत नाही, उचल घेतली आणि त्यापायी कुठं जायचं, कोणाकडे काम करायचं हे स्वातंत्र्य गेलं किंवा मजुरी किमान वेतनाच्या खाली गेली तरी तो वेठबिगारच. सुप्रीम कोर्टाने तर १९८२ ला, दिल्लीच्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगून टाकलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरी. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं काम पण मजुराचं नाही, पैसे देणाऱ्याचं. कलम १५.

बारा दिवस. भाचा बारा रात्री तिथं जास्त झोपला, आमच्या बेरीज-वजाबाकीपायी.

इथं सरांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढची पोस्टकार्डांची गोष्ट कळणार नाही. १९९५ ला मी कॉलेजला होतो. सर इंग्रजी शिकवायचे आणि रात्री बीबीसी ऐकायचे. ऑक्टोबर संपता संपता बातमी आली की नायजेरियात केन सारो-विवा नावाच्या लेखकाला आणि त्याच्या आठ साथीदारांना लष्करी राजवटीच्या ट्रिब्युनलने फाशी सुनावलीय. ओगोनी नावाची त्यांची जमात, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातली, तेलाच्या विहिरींनी जमीन आणि पाणी नासवलं म्हणून ते उभे राहिले होते. सरांनी आम्हा नऊ पोरांना खोलीवर बोलावलं, हवाईपत्रं आणली, आणि तिथले लष्करशहा जनरल सानी अबाचा यांना पत्र कसं लिहायचं ते शिकवलं. शिव्या द्यायच्या नाहीत, भाषण करायचं नाही. माणसाचं नाव, काय झालं त्याची तारीख, ज्याच्या हातात आहे त्याचंच पद आणि पत्ता, आणि मागणी एकच. ही रीत अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेची, पीटर बेनेन्सन नावाच्या इंग्रज वकिलाने १९६१ ला सुरू केलेली, आणि तातडीच्या पत्रांची पद्धत १९७३ ची, ब्राझीलच्या लुईझ बाझिलिओ रॉसी नावाच्या प्राध्यापकासाठी. आम्ही नऊ जणांनी लिहिली. १० नोव्हेंबरला त्या नऊही जणांना फाशी दिली. आमची पत्रं बहुतेक तेव्हा मुंबईच्या पोस्टातच असतील. दुसऱ्या दिवशी राष्ट्रकुलाने नायजेरियाचं सदस्यत्व निलंबित केलं, सरांनी ते वर्गात सांगितलं आणि शिकवायला लागले.

पण तेव्हाच एका पोराने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. सर म्हणाले होते की अॅम्नेस्टीच्या गटांना आपल्या स्वतःच्या देशातल्या केसवर काम करायची परवानगी नसते. तो नियम तेव्हा खरंच होता, कारणंही बरी होती, एकतर लिहिणाऱ्याला धोका नको आणि दुसरं कोणी म्हणायला नको की तुम्ही एका बाजूचे. सुरुवातीला तर एका गटाला तीन कैदी द्यायचे, एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक तिसऱ्या जगातला. नंतर दोन हजार सालानंतर तो नियम सैल झाला. तर तो पोरगा, पाड्यावरचा, होस्टेलला राहणारा, म्हणाला, "सर मग आमच्या सालदारांचं कोणी लिहायचं?" सर गप्प. आणि मी पण गप्प, कारण आमच्या घरी तेव्हा तीन सालदार होते.

सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, खानदेशात त्याचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. शहाद्याला याचा इतिहास आहे. १९७१-७२ ला इथं अंबरसिंग महाराज सुरतवंती आणि त्यांच्याबरोबरच्या तरुणांनी सालदारांच्या मजुरीवर आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनींवर लढा उभा केला, श्रमिक संघटना त्यातूनच १९७२ ला झाली. आमच्या घरात ही गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगितली जायची, "तेव्हा फार त्रास झाला" एवढीच. कोणाला त्रास झाला ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

तर परत २०२३.

दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. आमच्या गावातला एक ग्रुप आहे, चांगली पोरं आहेत, डिसेंबर २०२२ ला कतारचा वर्ल्ड कप चालू असताना यांनीच नेपाळी आणि आपल्या मजुरांचे पासपोर्ट काढून घेतात, मजुराला मालकाशी बांधून टाकणारी कफाला पद्धत म्हणजे काय, याचे स्टेटस ठेवले होते. मी पण ठेवला होता. फायनल १८ डिसेंबरला झाली, आणि त्याच दिवसात आमच्याच पाड्यावरचे सात जण आधार कार्ड मुकादमाच्या पेटीत देऊन थंडीत पहाटे तीनला फडात उतरत होते आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. असो. एप्रिलच्या सुरुवातीला यांना कळलं तेव्हा एकाने थोरल्याच्या बायकोचा लग्नातला फोटो, गावाचं नाव आणि "मुकादमाच्या तावडीतून सोडवा, जास्तीत जास्त शेअर करा" असं टाकून दिलं. दोन दिवसात चार जिल्ह्यात फिरलं. तिसऱ्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना रात्रीतून दुसऱ्या भट्टीवर हलवलं आणि धाकटा ज्याचा फोन वापरत होता त्या मजुराला मार बसला. पुढचे सतरा दिवस आम्हाला ते कुठे आहेत हेच माहीत नव्हतं.

पोरांना बोललो तर ती म्हणाली आम्ही तर आवाज उठवला. खरंय, उठवला. पण जगभर अशा मोहिमा चालवणारे आधी घरच्यांना विचारतात, नाव छापू का, फोटो टाकू का, की गुपचूप अर्ज करू, कारण मार तिकडे आतल्या माणसाला बसतो, पोस्ट टाकणाऱ्याला नाही. म्हातारीला आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. मी पण नाही.

अर्ज कुठं करायचा यात पण असंच फिरलो. एका ठाण्यात सांगितलं मिसिंग दाखल करा. आम्ही म्हणलं मिसिंग नाहीत, माहितीयत कुठे होते. मग म्हणाले पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी मॅटर आहे, आम्ही काय करणार. कायद्यात तर सरळ आहे, जिथं माणूस अडकवलाय तिथल्या जिल्हाधिकाऱ्याचं काम, चौकशी करायचं कलम १२ मध्ये, आणि सुटल्यावर मुक्ती प्रमाणपत्र पण तिथूनच मिळतं. आपल्या जिल्ह्याच्या कलेक्टरला लिहून फार तर पत्र पुढे जातं. १० एप्रिलला पहिला अर्ज गेला, चार पानांचा, वकिलाने लिहिलेला, त्यात सगळं होतं, हिशोब, कलमं, निकाल, भावना. सतरा दिवसांनी धाकट्याचा परत फोन आला, नवी जागा कळली, ती आम्ही कळवली आणि २ मे ला तिकडच्या तालुक्याचं पथक भट्टीवर गेलं.

काय झालं ते नंतर थोरल्याच्या बायकोकडून कळलं. गाडीतून तीन साहेब उतरले, मुकादमाने खुर्च्या टाकल्या, चहा आणला. यांना रांगेत उभं केलं आणि मुकादमासमोर मराठीत विचारलं, "काही त्रास आहे का? स्वखुशीने काम करता ना?" हिला मराठी कळतं पण बोलता येत नाही, ती घरी पावरी बोलते. थोरला म्हणाला, "नाही साहेब." भाचा मुकादमाच्या घरी होता. आम्हाला आलेल्या कागदावर लिहिलेलं, दोन पुरुष मजूर व त्यांचे कुटुंबीय स्वेच्छेने काम करत असल्याचे आढळून आले, सबब वेठबिगारीचा प्रकार नाही.

सरांनी तो कागद तीनदा वाचला. मग "व त्यांचे कुटुंबीय" खाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणाले, इथंच मेख आहे. दोन बायका चार महिने मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवतात आणि कागदावर त्या नाहीत, कोयत्यात निम्म्या त्या, पण उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर, आता चौकशी पण नवऱ्याच्या नावावर. मग सवयीप्रमाणे लांब गेले, की संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता तेव्हा पहिल्या कलमात "सर्व पुरुष" या अर्थाचा शब्द होता, तो बदलून "सर्व मानव" करायला लावला तो भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहतांनी, १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झालेल्या मसुद्यात तो बदल आहे. एरवी मी म्हणलं असतं सर मुद्द्यावर या. पण मुद्दा तोच होता. दुसऱ्या अर्जात पाचही कामगारांची पाच वेगळी नावं गेली, दोन बायकांची स्वतंत्र, भाच्याचं वयासकट स्वतंत्र.

हा दुसरा अर्ज एका पानाचा. नावं, पहिल्या भट्टीवर कधीपासून, दुसऱ्यावर कधीपासून. मागण्या खरं तर तीन झाल्या पण सर म्हणाले एकीच्याच तीन फांद्या समजा: मुकादम समोर नसताना एकेकाचा जबाब घ्या, पावरी बोलणारा दुभाषी ठेवा, आणि वेठबिगार आढळल्यास प्रत्येकाला वेगळं मुक्ती प्रमाणपत्र द्या. खाली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची जी अकरा लक्षणं सांगितलीयत त्यातली इथं दिसणारी लिहिली, ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडकवणं, कर्जात बांधणं, हालचालीवर बंदी, धमकी. भारताने त्या संघटनेचा सक्तीच्या मजुरीविरुद्धचा करार १९५४ ला मान्य केलाय, ती एक ओळ. कॉपी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला, तिथं फी नाही आणि मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त घटनेला वर्ष उलटायच्या आत लिहावं लागतं. कॉपी तिकडच्या विधी सेवा प्राधिकरणाला, कारण आदिवासी असो, बाई असो की वेठबिगारीचा बळी, फुकट वकील मिळायचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे.

आणि मग पोस्टकार्डं. कल्पना सरांची, थोडी वेडी वाटली. आपल्या सुप्रीम कोर्टाने फरिदाबादच्या दगडखाणीतल्या मजुरांची केस, डिसेंबर १९८३ चा निकाल, एका पत्रावरून घेतली होती, पत्रालाच याचिका मानून. सर म्हणाले अबाचाला आपण नऊ पत्रं लिहिली, इथं जास्त लिहू, पोस्टकार्ड पन्नास पैशाला मिळतं.

मे च्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर बसलो. म्हातारीला आधी विचारलं, या वेळी. ती म्हणाली नाव घाला, माझं पण घाला. मजकूर छापील नको, प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं आणि पोरांनी लिहायचं, फोटो टाकणारा पोरगाच सगळ्यात जास्त लिहायला बसला होता. एकजण म्हणाला लिहा की थोरल्याकडे माझी बैलजोडी द्यायची राहिलीय त्याला पाठवा. एक बाई म्हणाली लिहा, की डोळ्याला लागलेलं तिचं बरं झालं का. एकाने नुसतं सांगितलं, पेरणी आली. शाईचा पॅड नव्हता, ग्रामपंचायतीतून मागितला तर कोणाच्या परवानगीने विचारलं, मग कोणीतरी चुलीवरच्या तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवली आणि पत्र्याच्या झाकणात घेऊन फिरवली. कार्डांवर अंगठे उमटले ते असे काळेभोर आणि तेलकट, की पलीकडच्या बाजूलाही गोल डाग दिसत होता.

४३ कार्डं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा जण येऊन आपली परत घेऊन गेले. मुकादमाचे लोक रात्री फिरले होते, पुढच्या वर्षी उचल कोण देणार विचारत. त्यांना मी काही बोललो नाही, बोलायला तोंड पण नव्हतं, कारण पुढच्या वर्षी त्यांना उचल मी तर देणार नव्हतो. ३७ गेली.

जनरल अबाचाला लिहिताना माझं काय गेलं होतं, हवाईपत्राचे पैसे. इथं मुकादम माझ्या चुलतभावाचा मित्र, त्याच्या मुलीच्या लग्नात मी जेवलोय. भाऊ घरी येऊन म्हणाला, तुला जगाचं पडलंय तर जगाचं कर, गावात कशाला. वडील काही म्हणाले नाहीत पण महिनाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. आणि मुकादमाची पण एक बाजू आहे, ती लपवणार नाही. त्याला वाहतूक ठेकेदाराने उचल दिलेली असते, टोळी पळाली की तो बुडतो, याच मुकादमाने तीन वर्षांपूर्वी एक एकर विकलंय. वरचा पैसा खाली उतरताना प्रत्येक पायरीवर माणूस बांधत येतो. पण सोळा वर्षांचं पोर तारण ठेवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

६ जूनला दुसरं पथक गेलं. यावेळी एक महिला अधिकारी होत्या, पावरी बोलणारा एक आश्रमशाळेचा शिक्षक बरोबर आणला होता, आणि बायकांना त्यांनी भट्टीपासून लांब कडुलिंबाखाली नेऊन बसवलं. थोरल्याच्या बायकोने सगळं सांगितलं, तिच्या भाषेत, पाऊण तास. तिने सांगितलेली एक गोष्ट आमच्या एकाही अर्जात नव्हती, की आजारी पोराला दवाखान्यात नेताना दोघांपैकी एकालाच सोडायचे आणि परत येईपर्यंत दुसऱ्याची चप्पल काढून घ्यायचे. मे महिन्यात भट्टीच्या आवारात अनवाणी माणूस किती लांब जाईल? पथकाने तो मुद्दा जबाबात घेतला, वकिलाला विचाराल तर सगळ्यात पक्का पुरावा तोच.

८ जूनला सहा जण सुटले. भाचा त्या यादीत परत नव्हता, घरी पाहुणा आहे म्हणून दाखवलेला. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन, बालकल्याण समिती, विधी सेवावाल्या वकील बाईंची धावपळ, तो ११ जूनला आला. एसटीतून उतरला तेव्हा म्हातारी स्टॅंडवरच होती, सकाळपासून. त्याने आधी विचारलं, माझं आधार कार्ड कोणाकडे आहे?

पुढचं पटकन सांगतो कारण त्यात फारसं घडलं नाही, आणि तीच तक्रार आहे. मुक्ती प्रमाणपत्रं पाच मिळाली, बायकांची वेगळी. २०१६ च्या केंद्राच्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला १ लाख, बाई आणि अल्पवयीनाला २ लाख, फारच भयानक प्रकार असेल तर ३ लाख, पण ही मोठी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडलेली आहे, म्हणजे खटला जितका लांबेल तितकं पोट थांबवा. तातडीची मदत माणशी ३०,००० पर्यंत, ती लगेच मिळायला पाहिजे, ती जानेवारी २०२४ ला तिघांच्या खात्यात आली, दोघांची अजून "प्रक्रियेत". गुन्हा वेठबिगारी कायद्यात आणि अॅट्रॉसिटीत दाखल झालाय, आदिवासीला वेठीला धरणं हे त्या कायद्यातही गुन्हा आहे. वेठबिगारी कायद्यातली जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं आणि दंड २,००० रुपये, दंडाचा आकडा १९७६ चा आहे आणि कोणी बदललेला नाही. थोरल्याने पैशातून दोन शेळ्या आणि म्हातारीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. धाकटा ऑक्टोबर २०२३ ला परत उचल घेऊन गेला, दुसऱ्या मुकादमाकडे. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्याने जायच्या आधी येऊन माझ्याकडून एक कागद लिहून घेतला, उचल किती, दर किती, खाडा कशाला धरायचा आणि कशाला नाही, आणि नवीन मुकादमाची सही त्यावर घेतली. आधार कार्डाची झेरॉक्स दिली, ओरिजिनल आईकडे ठेवलं. कागदावर दोन नावं होती, त्याचं आणि बायकोचं. होळीला दोघं घरी होते.

एक गोष्ट राहिली. पोस्टकार्डांच्या संध्याकाळी आमचा सालदार पण आला होता, ३७ मधलं एक त्याचं आहे. अंगठा देऊन झाल्यावर काजळीचा हात धोतराला पुसत तो माझ्याजवळ बसून राहिला, सगळे उठले तरी. मग म्हणाला, "भाऊ, मना हिसाब बी लिखी द्या ना एक डाव."

त्याचा हिशोब वडिलांच्या लाल वहीत असतो. बारा वर्षं आमच्याकडे आहे आणि ती वही त्याने आतून कधी बघितलेली नाही. मी लगेच हो म्हणालो नाही. म्हणालो आखाजीला बघू, आणि आखाजी नुकतीच होऊन गेली होती म्हणजे जवळजवळ वर्षभराची मुदत मी स्वतःला घेतली, पस्तीस-चाळीस कार्डं दुसऱ्याच्या नावाने लिहून झाल्यावर.

१० मे २०२४ च्या आखाजीला, पुरणपोळीचं जेवण झाल्यावर, मी वडिलांना वही मागितली. त्यांनी कपाटाची किल्ली दिली आणि उठून मळ्यात निघून गेले. सालदार, त्याची बायको आणि मी ओट्यावर बसलो, बारा वर्षांची पानं एकेक करून वाचली, दोन प्रती केल्या. लग्नासाठी दिलेले, बाळंतपणाला दिलेले, ज्वारीचे, एका मोटारसायकलच्या हप्त्याचे. एके ठिकाणी ६,००० दोनदा लिहिलेले निघाले, २०१७ ला. त्याने ते लगेच ओळखलं, म्हणाला हे मी तेव्हा पण म्हणलो होतो. मी वजा केले, त्याने प्रत घडी करून टोपीत ठेवली आणि वैरण टाकायला गेला.